बाबा दारात थांबले

काल नातीच्या हाताला खडूचा वास आला आणि तंजावूरचं घर आठवलं. बाबा इंग्रजीचे मास्तर. परदेशी कंपन्या येऊ लागल्या तशी मुलं त्यांच्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येत. त्या सकाळी फळ्यावर 'गो' होतं. दूध नासलं तरी 'गो', दिवे गेले तरी 'गो', माणूस वेडा झाला तरी 'गो', असं बाबा रंगून समजावत होते.

दादा मुलाखतीसाठी मद्रासला निघाला होता. नवे बूट घालून तो ऐटीत म्हणाला, "आय ॲम गोइंग."

"उत्तम," बाबा म्हणाले.

आमच्याकडे दारात 'जातो' म्हणत नाहीत. आई ओल्या हातांनीच धावत आली. "जाऊन येतो म्हण रे."

तो नुसता हसला आणि बसस्टँडला जायला ऑटोत बसला. वाटेत त्याची बस उलटली. दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं ते पांढऱ्या कापडात.

तेराव्यानंतर बाबा शाळेत निघाले. चपला घालून दारातच थांबले, त्यांना शब्द सापडेना. आई खाली मान घालून तांदूळ निवडत होती. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात मला राग वाटला होता. आज तिच्या वयाची झाल्यावर वाटतं, ती भीती होती.

"निघा तुम्ही," ती म्हणाली. "काही म्हणू नका."