बाप्पामागचं यॉर्कशर

नव्वदच्या दशकात मी दुबईत, अल कुसैसच्या एका छापखान्यात रंग तपासायचं काम करायचो. दरवर्षी आमच्याकडे एक कॅलेंडर छापायला यायचं. त्यातली चित्रं एका ब्रिटिश चित्रकाराची असत. साठी उलटलेले, उन्हानं लालबुंद झालेले हे गृहस्थ जलरंगात खाडीतल्या लाकडी होड्या आणि जुनी घरं रंगवायचे. छपाईचा नमुना बघायला स्वतः यायचे, आणि आमचा वाद ठरलेला.

"आकाश फार निळं आलंय. इथल्या हवेत धूळ असते, ती दिसू दे."

"साहेब, धूळ छापली तर मालक मला खलास करेल!"

ते खदाखदा हसायचे.

एका वर्षी गणपतीसाठी मुंबईहून मागवलेलं थर्माकोलचं मखर सामानात पार चुरडून आलं. दुसऱ्या दिवशी माझा चेहरा बघून साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं.

"तुमच्या देवामागे एरवी काय असतं?"

"डोंगर, ढग, हिरवळ."

"अरे, ते तर मला येतं!"

त्याच संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये रखडत ते शारजाला आमच्या फ्लॅटवर आले. काखेत कागदाची भली मोठी गुंडाळी. हॉलमध्ये फरशीवर कागद पसरून त्यांनी गुडघे टेकले. "इथे ब्रश उचलायच्या आत रंग वाळतो. इतकी वर्षं मी घाईघाईनंच रंगवतोय," ते कुरकुरले. बायकोनं इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची पाण्याची बाटली आणली आणि कागदावर फवारा मारत राहिली. ओल्या कागदावर करडे ढग आपसूक पसरले. साहेब लहान मुलासारखे खूश झाले.

हिरवी टेकडी झाली, दगडी कुंपण झालं. मग त्यांनी मेंढ्या काढायला घेतल्या.

"अहो, मेंढ्या कशाला?" बायको माझ्या कानात पुटपुटली.

मी साहेबांना विचारलं. "लहानपणी इंग्लंडात, यॉर्कशरला, माझ्या खिडकीतून हेच दिसायचं," ते म्हणाले. मी बायकोला सांगितलं.

"मग असू देत," ती म्हणाली. "बाप्पाला चालतील."

गणपतीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. जो तो मूर्तीमागचं चित्र न्याहाळत होता.

"महाबळेश्वर ना?"

"छे, पाचगणी वाटतेय."

"नो अंकल, इट्स यॉर्कशर!" आमची लेक ठणकावून म्हणाली. एकच हशा पिकला. कोपऱ्यात बसलेल्या साहेबांना तिनं तो विनोद समजावला, तेव्हा मोदकानं भरलेल्या तोंडानं तेही हसले. त्यांचा तो चौथा मोदक असावा. तूप त्यांनी स्वतःच मागून घेतलं होतं.

पुढच्या वर्षापासून आमच्या ओळखीतल्या आणखी दोन-तीन घरांतून त्यांना बोलावणं येऊ लागलं. पैसे ते घेत नसत. जेवायला मात्र हक्कानं बसत. आरतीच्या वेळी कुणीतरी त्यांच्या हाती झांजा द्यायचं. दोन हजार सालानंतर ते इंग्लंडला परतले. तोवर एकदाही त्यांना ताल जमला नाही, पण सगळ्यांत जोरात झांजा त्यांच्याच वाजायच्या.