अल्लालची रोजची परीक्षा

मिमूननं दोन फडक्यांची अदलाबदल केली ती निव्वळ गंमत म्हणून. तीस वर्षं पोस्टमनकी केलेला माणूस. एकाचं दुसऱ्याच्या दारी पोचवण्याचा त्याला दांडगा अनुभव.

सफ्रू गावच्या त्या गल्लीत अल्लालची भट्टी. रोज सकाळी वीस घरांतून कच्चे पाव फळीवर, फडक्याखाली झाकून भाजायला यायचे. पावावर ना नाव, ना नंबर. कुठली बाई अंगठा जोरात दाबते, कुणाची कणीक सैल, कुणाच्या पावाला बडीशेपेचा वास, सगळं अल्लालच्या डोक्यात. लल्ला इत्तूचा नवरा हृदयाचा रोगी, त्याचा पाव बिनमिठाचा. एकोणचाळीस वर्षांत एकाही घरचा पाव दुसऱ्या घरी गेला नव्हता.

थोरला भाऊ स्वतःच्याच दारात उभा राहून "इथं कोण राहतं हो?" असं विचारू लागला, तेव्हापासून अल्लाल स्वतःची परीक्षा घ्यायला लागला. प्रत्येक घरचं फडकं वेगळं; ज्याचं फडकं त्याच्या फळीखाली सरकवायचं, मिमूननं फळ्या मागंपुढं करायच्या, मग नुसती कणीक बघून घर ओळखायचं आणि फडकं ओढून खातरी करायची.

"आणि नापास झालास तर रे?" मिमून चिडवायचा.

"भट्टीचं फावडं जावयाच्या हातात. मीठ चारून कुणाचा नवरा मारायचा नाहीये मला."

त्या सकाळी अल्लाल पुटपुटत एकेक फळी ओळखत गेला, एकेक फडकं ओढत गेला. मिमून मिशीतल्या मिशीत हसत पुदिन्याचा चहा भुरकत होता. शेवटचं फडकं बघून अल्लालनं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं. हात पुसले. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"जावयाला बोलाव."

मिमूननं चहाचा पेला खाली ठेवला. "अरे बाबा, थट्टा केली मी. लल्ला इत्तूचं आणि शिंप्याच्या घरचं फडकं मीच बदललं. हवं तर थोबाडीत मार, पण फावडं उचल. तुझं डोकं शाबूत आहे."

अल्लालनं त्याचा हात हातात घेतला. समजूत काढायची पाळी जणू त्याच्यावरच आली होती.

"तू दोन बदललीस, मिमून, माझी घरं सात चुकली."