झाकू नका की, बाई

“झाकू नका की बाई, अजून बघून राहिले मी!”

कार्डावर पंजा दाबून ती हे म्हणायचीच. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या, नळ कोरडे. इस्पितळात माझं काम स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची तपासणी करायचं: नजरेनं पाहिलेलं त्यांच्या ध्यानात किती राहतं? कार्डावरच्या सहा आकृत्या दाखवायच्या, झाकायच्या, आठवून काढायला सांगायच्या. तेच कार्ड, तीन वेळा.

ती त्यांतलीच एक. पहिल्या वेळी तिचा कागद कोराच. मी कार्ड ओढलं की म्हणायची, “पाहुण्याला तरी इतक्या घाईनं उठवतेत का?” मला हसू यायचं, वैतागही यायचा. दुसऱ्या वेळी एखादं वर्तुळ यायचं. तिसऱ्यांदा दोन आकृत्या. मग तिची ऐट बघावी!

तुम्ही म्हणाल, एका कार्डासाठी एवढा जीव का टाकायचा? तिची लहानगी लेक भोकरला, नवऱ्यापाशी. आईला इथं आणल्यापासून दोघींची भेट नाही. “लेक समोर आली अन् मला वळखूच आली न्हाई तर?” ही एकच धास्ती. मी म्हणायचे, “पुन्हा पुन्हा बघितलं की राहतंय ना तुझ्या ध्यानात? मग झालं तर.”

एकदाचा नवरा पोरीला घेऊन आला. दुष्काळी कामावरून तसाच निघालेला, अंगावर खडीची धूळ. तिनं लेकीला लांबूनच ओळखलं. पोरीनं मात्र आईला ओळखलं नाही; बापाच्या धोतरामागं दडली.

ती खाली बसली. पदर तोंडावर घेतला. “बघ, आता झाकते.” पदर काढला. “बघ.” परत झाकला, परत काढला. तिसऱ्यांदा पोर पुढं आली, तिनं स्वतःच पदर ओढला आणि खिदळली. “आय!”

ते दोघं गेल्यावर ती माझ्याकडे आली. “आणा बाई कार्ड, आज समद्या काढते.” आल्या तीनच. पण इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात गढूळ पाण्यानं जुलाबाची साथ आली. तिला घेऊनच गेली.

नवरा आला, सोबत पोर. पांढरी चादर तोंडावरून ओढलेली. पोर बापाचा हात सोडून खाटेपाशी गेली आणि शहाण्यासारखी उभी राहिली. थोडा वेळ थांबली.

मग म्हणाली, “आय, आता उघड की.”