“पोट्टाचा?”

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हालाच सांगतोय.

मंगळवार होता, दुपारचे साडेबारा. चेन्नईतल्या एका खासगी हॉस्पिटलचा तिसरा मजला. सव्वीस पेशंट आणि सिस्टर एक. आकडा अंदाजाचा नाही. मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. रिकामा बसलो की मोजतो. सकाळी दोघी होत्या. अकराला एकीला आयसीयूत बोलावून नेलं — तिथंही माणसं कमी. मागे राहिली सेल्वी. चोवीस-पंचवीसची असेल. तिला चालताना मी कधी पाहिलं नाही, पळतच असायची.

आईच्या पायाच्या जखमेत इन्फेक्शन होतं, साखर वाढलेली. जेवणाआधी इन्सुलिन, पोटात. आई साताऱ्याची, तमिळचा गंध नाही. तरी सेल्वी “पाट्टी, पाट्टी”, म्हणजे आजी, आजी करत तिच्याशी तमिळमध्ये बोलायची आणि आई मराठीत म्हणायची, “बस की गं जरा, किती पळशील.” दोघींचं छान चालायचं.

माझं तमिळ? आठ महिन्यांचं. आमा म्हणजे हो, इल्लै म्हणजे नाही, ऊसी म्हणजे इंजेक्शन. भाजीवाल्याशी भागायचं, आणि तेवढ्यावर मी ऑफिसात मिरवायचो.

तर सेल्वी दारात आली. पलीकडच्या खोलीतली घंटा वाजत होती. आईच्या तक्त्यावर दुपारच्या इन्सुलिनपुढे खूण नव्हती. आयसीयूत गेलेल्या सिस्टरनं जाण्याआधी दिलं की राहिलं, तिला कळेना. म्हणून तिनं मला विचारलं, “सार, ऊसी पोट्टाचा?”

मला काय ऐकू आलं? पोटाचा. आईचं इंजेक्शन पोटातलं ना, असं ती विचारतेय. मी म्हणालो, “आमा, आमा.” वर स्वतःच्या पोटावर थाप मारून दाखवली. तिनं मान हलवली, तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि घंटेकडे पळाली.

मी औषधं आणायला खाली गेलो. वर आलो तर जेवण आलेलं. इन्सुलिन दिलं का — एवढं विचारायला काय झालं होतं मला? कारखान्यात एक बोल्ट मी न विचारता पुढे जाऊ देत नाही. आईला भूक लागली होती. मी माझ्या हातानं तिला रसम-भात भरवला.

चारला तपासायची साखर सेल्वीला सहाला तपासता आली. पाचशे चाळीस. तोवर आई मला “तुम्ही कोण?” म्हणायला लागली होती. तिला आयसीयूत नेलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या सुनेला थोडं हिंदी यायचं. मी सहज विचारल्यासारखं तिला विचारलं, पोट्टाचा म्हणजे काय. ती म्हणाली, “दे दिया क्या?”

म्हणजे — दिलं का, असं तिनं विचारलं, आणि मी हो म्हणालो. आई गेली तर? भाऊ विचारेल, तू तिथंच होतास ना? मी काय सांगणार?

सकाळी हॉस्पिटलच्या मॅनेजरनं बोलावलं. मला खुर्ची दिली. सेल्वी उभी होती. तिनं सांगितलं की तिनं विचारलं होतं आणि सार हो म्हणाले होते. मॅनेजर माझ्याकडे वळला. मी इंग्रजीत म्हणालो, “तिनं मला काहीच विचारलं नाही.”

आता कळलं तुम्हाला? नुसती ऐकण्यातली चूक असती तर मी कधीच सांगून टाकली असती. लपवलंय ते हे वाक्य. ते बोलताना मला पोट्टाचाचा अर्थ माहीत होता.

सेल्वी भांडली नाही. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “सार, यू शो स्टमक.” मॅनेजर हसला. त्याला वाटलं, पोरगी काहीही बरळतेय. त्या खोलीत तिचं बोलणं मला एकट्याला समजलं होतं.

मग त्यानं विचारलं, स्टाफबद्दल काही म्हणायचंय का. सव्वीसला एक — आकडा ओठांवर होता. आमच्याकडे माल खराब निघाला की मी पहिला प्रश्न विचारतो, लाइनवर माणसं किती होती? पण ते बोललो असतो तर पुढची चौकशी निघाली असती, आणि आई त्यांच्याच ताब्यात होती. मी “नो” म्हणालो. कागदावर कारण लिहिलं होतं: सिस्टरचा निष्काळजीपणा. खाली मी सही केली. सेल्वीला त्याच दिवशी काढलं.

आयसीयूच्या तीन दिवसांचं बिल त्यांनी माफ केलं. मी ते माफ करून घेतलं.

चौथ्या दिवशी आई वॉर्डात परत आली. दुसरी सिस्टर पळत होती — पंचवीस पेशंट, ती एकटी. आईनं विचारलं, “ती पोरगी दिसत नाही रे?”

मी म्हणालो, “रजेवर गेलीय.”