सुभद्राच्या नावावरचं दुकान

सुभद्रा तायडे शिवणकाम करत नाही, शिलाई मशिनी दुरुस्त करते. अमरावतीत हे काम करणारी दुसरी बाई नसावी. वीस वर्षांपूर्वी शिवणवर्गात तिची मशीन अडली, मिस्त्री चार दिवस फिरकला नाही. तेव्हा तिनंच पेचकस घेऊन ती उघडली आणि संध्याकाळपर्यंत चालू करून दाखवली. तेव्हापासून भातकुलीपर्यंतच्या बायका तिलाच बोलावतात. नवरा सुगत एका गोदामावर राखणीला.

तीन वर्षांपूर्वी एका शिवण संस्थेनं तिला मशिनींच्या देखभालीचं काम दिलं. संस्था दर बिलातून थोडा कर कापायची. तो परत मिळवायचा तर रिटर्न भरावं लागतं. अकोल्यात पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान असलेला धाकटा दीर नितेश म्हणाला, "वहिनी, तुमी कायले डोक्याले ताप करून घेता? मी भरून देतो." त्यासाठी लागतं म्हणून तिच्या नावानं अकोल्यात बँकेचं खातंही त्यानंच उघडून दिलं. दर जुलैत त्याचा फोन यायचा, "वहिनी, ओटीपी सांगा." ती सहा आकडे सांगायची आणि तेलाची कुपी उचलून कामाला लागायची.

यंदा नोव्हेंबरात मुलीच्या, आकांक्षाच्या, इंजिनिअरिंगच्या फीसाठी एका ट्रस्टकडे मदतीचा अर्ज केला. सोबत आईबापाच्या उत्पन्नाचे कागद जोडायचे होते. नितेशनं पाठवलेली रिटर्नची प्रत न वाचताच जोडली. आठवड्यानं अर्ज परत आला. ट्रस्टचा कारकून आकांक्षाला म्हणाला, "आईची उलाढाल एकेचाळीस लाख, आन् मदत मागता?"

सुभद्रानं ती प्रत पहिल्यांदा नीट वाचली. नाव तिचं, पॅन नंबर तिचा, धंदा दुरुस्तीचा. वर्षभर हात काळे करून तिनं मिळवले होते सव्वा लाख. बाकीचे कुठले, हे समजायला तिला वेळ लागला नाही. आपला कर वाचवायला नितेशनं आपल्या दुकानाची विक्री तिच्या नावावर लोटली होती.

"जाऊ दे," सुगत म्हणाला. "घरातली गोष्ट हाय. बोभाटा कायले?"

"पोरीची फी घरातली गोष्ट नाही काय?" सुभद्रा एवढ्या जोरात ओरडली की शेजारची बाई दारात आली. "भाऊ तुमचा, म्हणून माहं नाव त्याले आंदण दिलं काय?"

मंजुषा मॅडम करसल्लागार होत्या. त्यांच्या सासूची मशीन सुभद्राच बघायची. तिनं नेलेली प्रत बघून त्या म्हणाल्या, "डिसेंबर संपायच्या आत सुधारित रिटर्न भरता येईल. पण खात्यात आलेले पैसे त्याच्या दुकानाचे आहेत, हे त्याच्याकडून लिहून आणा. नाहीतर उद्या नोटीस तुम्हाला येईल, त्याला नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं अकोल्याची एसटी धरली.

दुकानात गिऱ्हाईक होतं. नितेश हसून म्हणाला, "या वहिनी, चहा सांगतो." तिचं लक्ष गल्ल्यापुढच्या चौकोनी स्टिकरवर गेलं. बाळापूरचा एक शेतकरी त्यावर मोबाईल धरून विचारत होता, "सुभद्रा तायडे दाखवून राहिलं, बरोबर हाय ना?"

"पैसे टाकू नका, दादा," ती म्हणाली. "सुभद्रा तायडे मी हावो. हे दुकान माहं नाही."

नितेशचा चेहरा पडला. तिला मागच्या बाजूला नेत तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, नफा थोडाच दाखवला मी, कर एक रुपयाही लागला नाही तुमाले. उलट कापलेला परत भेटला. तुमचं गेलं काय?"

त्या प्रश्नानं तिच्या अंगाची लाही झाली. चोरी केली ती केलीच, वर हा तिलाच हिशेब विचारत होता.

"माहं काय गेलं?" ती मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "वीस वर्षं मी लोकायच्या घरी जमिनीवर बसून मशिनी खोलल्या. एवढंच माहं स्वतःचं होतं. सरकारच्या कागदावर पहिल्यांदा ते लिहिल्या गेलं, तर त्यात तुमी तुमच्या मोटारी घुसवल्या! माही पोरगी खोटारडी ठरली तिथं. लिहून द्या, नाही तर इथूनच ठाण्यात जातो मी."

गिऱ्हाईकं थांबून बघत होती. नितेशनं घाम पुसत कागद ओढला. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. एका ठिकाणी त्यानं "घरगुती समजुतीनं" असं लिहिलं. तिनं ते खोडायला लावलं. सही झाल्यावर तिनं स्टिकर नखांनी खरवडून काढला आणि बँकेत जाऊन खातं बंद केलं.

मंजुषा मॅडमसमोर बसून सुधारित रिटर्न तिनं स्वतः भरलं. प्रत्येक रकाना काय विचारतो, हे समजल्याशिवाय पुढं गेली नाही. मागच्या दोन वर्षांचं निस्तरणं अजून बाकीच आहे. ट्रस्टची मदत मात्र गेली ती गेलीच. नवीन कागद पोचले तेव्हा यादी लागून गेली होती. फीसाठी सुगतनं मोटारसायकल विकली. आता तो गोदामावर सायकलनं जातो आणि बोभाट्याचं नाव काढत नाही.

नितेशनं नात्यातल्या दोघांकरवी निरोप धाडले, झालं गेलं विसरा म्हणून. सुभद्रानं दोघांनाही दारातूनच परत पाठवलं.

"विसरायचं का नाही, ते मी ठरवीन," ती म्हणाली, आणि मशीनचं अडकलेलं चाक दोन्ही हातांनी फिरवू लागली.