त्र्याण्णव ऑक्टेन आणि शाळेची चढण

आमच्या स्कूटरला सगळे रस्ते चालत, चामटोलीच्या शाळेअलीकडची एक चढण सोडून. आई त्या शाळेत शिकवायची. बाबा तिला रोज सकाळी हेंद्रेपाड्यातून शाळेत सोडायचे आणि मग अंबरनाथला कारखान्यात जायचे. चढणीच्या मध्यावर स्कूटर घरघरायची, थरथरायची आणि बंद पडायच्या बेतात आली की आई न सांगता उतरायची. उरलेली चढण ती पदर खोचून पायी चढायची. वर शाळेच्या ओट्यावर पोरं याच तमाशाची वाट बघत असत. "बाई उतरल्या रं!" अशी एकच आरोळी उठायची आणि मग प्रार्थना. आईला चालण्याचं काही नव्हतं. तिला त्या आरोळीची लाज वाटे आणि ती लाज घरी येऊन बाबांवर निघे.

बाबा रसायनांच्या कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात ऑफिसर होते. त्यांच्या जगात प्रत्येक वस्तूला ग्रेड असे, आणि वरची ग्रेड म्हणजे चांगला माल, यात वादाला जागा नव्हती. तेव्हा पेट्रोल दोन तऱ्हांचं मिळे: साधं सत्त्याऐंशी ऑक्टेनचं आणि महागडं त्र्याण्णवचं. उल्हासनगरात सीट कव्हर बदलायला गेले असताना सिंधी दुकानदार त्यांना म्हणाला, "साहब, एक बार तिरानवे डालके देखो. गाडी मक्खन चलेगी." हा माणूस सीट कव्हर विकतो, पेट्रोल नाही, म्हणजे त्याचा यात स्वार्थ नाही, असं बाबांचं तर्कशास्त्र.

मी कॉलेजात शास्त्र शाखेला होते आणि नुकतंच कळलेलं घरात ऐकवायची मला खोड होती. मी म्हटलं, "बाबा, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाब फार वाढला की पेट्रोल नको तेव्हा पेटतं, इंजिन खटखट करतं. ते होऊ नये म्हणून जास्त ऑक्टेन. आपली स्कूटर खटखट करतच नाही. तिला उपयोग शून्य."

"मग चढणीवर मान का टाकते?"

"दोन माणसांचं ओझं असतं म्हणून."

"दोन माणसांचं म्हणजे माझं," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "सरळ बोल की."

विषय तिथेच मिटला. आईच्या वजनावर आमच्याकडे कोणी बोलत नसे, पोळ्या व्हायच्या असताना तर नाहीच.

बाबांनी त्र्याण्णव सुरू केलं. दर रविवारी ते कल्याणच्या वाटेवरच्या पंपावरून टाकी भरून आणत. जाण्यायेण्यात किती जळतं, हे मी विचारलं नाही. म्हणजे एकदाच विचारलं. बरेच दिवस काही फरक पडला नाही; आई उतरत राहिली, पोरं ओरडत राहिली. जुनं पेट्रोल निघून जायला वेळ लागतो, असं बाबा म्हणत. मग पावसाळा सरता सरता एका सकाळी स्कूटर घरघरली, थरथरली आणि थेट शाळेच्या दारात जाऊन थांबली. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे तर घरघरही कमी झाली.

बाबांचा आनंद सोसण्यापलीकडचा होता. कॉलनीतल्या प्रत्येक स्कूटरवाल्याला त्यांनी त्र्याण्णवची दीक्षा दिली. माझ्याकडे बघून ते फक्त "शून्य ना?" एवढंच म्हणत, आणि मी चरफडत असे. आईही खुशीत होती. तिची भूक वाढली होती, कामं झपाट्याने उरकत होती, पहाटेच्या गारव्यातही तिला पंखा लागे. ब्लाउज सैल झाले, ते धुण्यात कापड ताणलं म्हणून. फळ्यावर अक्षर वाकडं येऊ लागलं, ते खडू ओले म्हणून.

दिवाळीनंतर छातीत धडधडतं म्हणून आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला हात पुढे धरायला सांगितले. बोटं थरथरत होती. मग त्यांनी गळा चाचपला आणि तिला वजनकाट्यावर उभं केलं. "हा बिघडलाय," आई हसत म्हणाली. काटा बिघडलेला नव्हता.

"वजन कधीपासून उतरतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठे काय उतरलंय," आई म्हणाली.

बाबा काट्याकडेच बघत होते. ते म्हणाले, "पेट्रोल बदललं, त्यानंतर थोड्या दिवसांनी."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

थायरॉइडचं दुखणं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. अंग भरायला लागलं की औषध लागू पडलं समजा, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवसांच्या रजेनंतर आई परत शाळेत जाऊ लागली. आता तरी साधं पेट्रोल भरा, असं मी बाबांना सुचवलं.

"नाही," ते म्हणाले. "एक गोष्ट तपासत असताना दुसरी बदलायची नसते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते रोज सकाळी त्या चढणीवर आईचं वजन करत होते. स्कूटर सरळ वर चढली की त्यांचा दिवस वाईट जाई. संध्याकाळी ते आईच्या पानात आणखी एक पोळी वाढत. हिवाळा असाच गेला.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आई शाळेतून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आज उतरावं लागलं गं. पोरं केवढी ओरडली! मी वर जाऊन मागे बघितलं, तर हे स्कूटर धरून चढणीच्या मधोमध उभे, आणि रडतायत."