वसतिगृहाच्या दारातल्या वाहाणा

चारुताने गौरजाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून आणले होते. पाणी किती वाजता येतं. संडास खोलीपासून किती लांब. दाराला आतून कडी आहे का, आणि ती नीट बसते का. अगदी खाली, दोनदा गिरवलेला प्रश्न होता: रात्री राखण कोण करतं?

शिरोड्याहून पहाटे निघून, कणकवलीला गाडी बदलून मायलेकी कातळाच्या उघड्या सड्यावरच्या त्या कॉलेजात पोचल्या तेव्हा बारा वाजत आले होते. प्रवेशाची मुदत परवा संपत होती. गौरजाला हवा तो विषय आसपास फक्त इथेच होता, आणि रोज जाऊन येऊन करण्यासारखं हे अंतर नव्हतं. म्हणजे मुलीला इथे ठेवायची की नाही, ते आजच ठरवायचं होतं.

ऑफिसातल्या दत्तप्रसादने प्रयोगशाळा दाखवली, ग्रंथालय दाखवलं, भिंतीवरचे निकालाचे फलक वाचून दाखवले. चारुता मान हलवत राहिली. तिचा जीव वसतिगृहात अडकला होता. ते मागच्या बाजूला, काजूच्या झाडांपलीकडे एकटं उभं होतं. मे महिन्याची सुट्टी, त्यामुळे आत कुणी नाही. सड्यावर भर दुपारचं ऊन, आणि पानही हलत नव्हतं.

दाराशी पायरीवर पुरुषी वाहाणांचा एक जोड होता. कोल्हापुरीसारख्या जाड कातड्याच्या, मोठ्या मापाच्या. मुलींचं वसतिगृह, सुट्टीचे दिवस, आणि दारात बाप्याच्या वाहाणा. आत कोण आहे, तिने विचारलं. दत्तप्रसाद ओशाळला. आत कोणी नाही मॅडम, तो म्हणाला, आमच्या मथुरा मावशीचा एक खुळेपणा आहे, तुम्ही लक्ष देऊ नका. आणि फोन आल्याचं निमित्त करून तो ऑफिसकडे वळला.

चारुताने वाकून जोड उलटा करून पाहिला. उजव्या पायाची टाच बाहेरच्या कडेने पार झिजली होती. डाव्या पायाला अंगठ्याखाली भोकच पडलं होतं. तळाला सड्याची तांबडी धूळ होती.

"ती जोडी राखणदाराची," आतून आवाज आला.

मथुरा झाडू घेऊन उभी होती. साठीची, बारकी, केस घट्ट बांधलेले. ती मूळची घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतली. नवरा रेडीच्या बंदरात खनिज भरायच्या कामावर होता. तो गेल्यावर ती इथे झाडलोटीला आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. सुट्टीत सगळे जातात, ही एकटीच इथे राहते. दर जूनमध्ये नवा जोड आणायचा, जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालून पायरीवर ठेवायचा, आणि पुढच्या मेपर्यंत तो झिजतो, असं तिने पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. आरवलीच्या वेतोबाला वाहाणा वाहतात आणि रात्री गावाची राखण करत फिरून तो त्या झिजवतो, हे चारुताला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते देवळात. इथे तिची मुलगी झोपणार होती.

चारुता मालवणीत बोलतेय म्हटल्यावर मथुरा 'तुमी'वरून 'तू'वर आली. "ल्याब सगळेच दाखवतत, बाय. तुका काय बघूचा ता मी दाखवतंय."

आणि तिने खरंच दाखवलं. कोणत्या नळाला पाणी शेवटपर्यंत टिकतं. कोणत्या खोलीचं दार पावसात फुगतं आणि कडी बसत नाही, ती खोली घेऊ नको. जिन्यातला दिवा कुठून लागतो. कोपऱ्यातल्या खिडकीपाशी तिने गौरजाला उभं केलं आणि इथून गेटवरचा माणूस दिसतो, पण मागची भिंत दिसत नाही, हे दाखवलं. प्रत्येक रिकाम्या खोलीचं दार उघडण्याआधी ती दोनदा टकटक करायची आणि जरा थांबायची. गौरजाला त्याचं हसू आलं. चारुताला आलं नाही, कारण थांबताना मथुरा कान देऊन ऐकत असायची.

दुसऱ्या मजल्यावर चढताना मथुरा पुढे होती. ती उजवा पाय ओढत चालत होती, आणि तिची टाच दर पायरीवर बाहेरच्या कडेने पडत होती. चारुता जिन्यातच थबकली. तिने गौरजाला कोपऱ्यातली खोली मोजून बघायला पाठवलं.

"मावशे, ती जोडी तूच घालतंस मा?"

मथुराने खाली पाहिलं. मग कठड्याला टेकून तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. ती आली त्याच वर्षी मागच्या भिंतीवरून कुणीतरी आत उतरला होता. मुली किंचाळल्या, तो पळाला. गेटवरचा माणूस झोपला होता. सकाळी कॉलेजच्या साहेबांनी मुलींकडून काही झालंच नाही असं लिहून घेतलं. तेव्हापासून रोज रात्री ती त्या वाहाणांत चिंध्या कोंबून पाय घालते आणि इमारतीभोवती तीन फेऱ्या मारते. कातडं करकरतं, ते सड्याखालच्या वाडीपर्यंत ऐकू जातं.

"माझ्या रबरी सपातांका कोण भियाता?" ती म्हणाली.

चारुताचा श्वास मोकळा झाला. तिला हसूही आलं. मग राखणदार बिखणदार काही नाही तर, असं ती म्हणाली.

मथुरा हसली नाही. गेल्या पावसात तिला कावीळ झाली होती. तीन महिने ती गावी पडून होती. जोड पायरीवरच होता, नुकताच आणलेला, कोरा. परत आली तेव्हा मुलींनी सांगितलं, मावशे, तू नव्हतीस तरी फेऱ्या चुकल्या नाहीत. एखाद्या पोरीनेच घातला असेल, असं चारुता म्हणाली. मथुरालाही तसंच वाटलं होतं. तिने एकेकीला शपथ घालून विचारलं. कुणी कबूल झालं नाही.

"उजवी टाच माझी," मथुरा म्हणाली. "डाव्या आंगठ्याचा माका म्हायत नाय. कोणतरी चाललो."

दूरच्या खोलीतून गौरजाने दोन पलंग बसतात म्हणून हाक दिली. तिचा आवाज रिकाम्या मजल्यावर एकदा घुमला, आणि जरा वेळाने पुन्हा घुमला.

खाली उतरल्यावर चारुता पायरीशी बराच वेळ उभी राहिली. ऑफिसने गेटवरचा माणूस दाखवला होता, कॅमेरे बसणार आहेत म्हणून सांगितलं होतं. त्यातल्या कशानेही तिला रात्री झोप लागली नसती. पण एक लंगडी बाई एकोणीस वर्षं अंधारात फिरतेय, आणि ती आजारी पडली तर तिच्या जागी कुणीतरी फिरतं. ते कोण, हे चारुताला कळलं नव्हतं. भीती गेली नव्हती. तरी तिने ऑफिसात जाऊन फॉर्म भरला आणि वसतिगृहाच्या रकान्यात खूण केली.

परतीच्या गाडीत तिने वही काढली. शेवटच्या प्रश्नापुढे 'मथुरा' लिहिलं आणि पेन तसंच धरून बसली. मग गौरजाला म्हणाली, जूनमध्ये येताना चांगल्या कातड्याच्या वाहाणांचा एक जोड घ्यायचाय, आठवण कर.

"कितव्या नंबरचो?" गौरजाने विचारलं.

चारुताला सांगता येईना.